आबांनी सांगितलेला आकडा

फेब्रुवारी लागला की माझा पाय हलायला लागतो. खुर्चीत बसले की उजवा पाय आपला आपण सुरू होतो, जेवताना, टीव्ही बघताना, देवळात आरतीला बसल्यावरसुद्धा. सासूबाई म्हणतात, बसल्या जागी पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते. मी म्हणते, लक्ष्मी कुठून येते आणि कुठं जाते हे सांगायचाच तर मला पगार मिळतो, ती गेली तर मला आधी कळेल. त्या हसत नाहीत. मग मी पाय थांबवते, आणि थोड्या वेळानं बोटं टेबलावर वाजायला लागतात.

माझं काम बजेटचं. बारामतीत एक संस्था आहे, ती गावोगावचं दूध गोळा करते, पशुखाद्य विकते, जनावरांसाठी फिरत्या दवाखान्याच्या गाड्या चालवते. तिथं मी बजेट अ‍ॅनालिस्ट आहे. हे नाव माहेरी कुणाच्या तोंडात बसत नाही. निरवांगीला आमच्या गल्लीत मी 'बजेटवाली' आहे, आणि अर्थसंकल्प टीव्हीवर लागला की तो मीच लिहून दिल्यासारखा लोक माझ्या भावाला जाब विचारतात, खत का महाग झालं म्हणून.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी नोकरी लागली तेव्हा समजावून सांगितलं होतं. पुढच्या वर्षी कुणाला किती पैसे लागतील ते आधी विचारायचं, आणि जो जास्त मागतो त्याचे कापायचे. आबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, म्हंजी लोकर कातरल्यावानी, कापायचं पन कातडं निघू द्यायचं न्हाय. माझ्या कामाची याहून चांगली व्याख्या मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळालेली नाही.

पण मेंढरू गप उभं तरी राहतं. आमच्याकडचे विभागप्रमुख उभे राहत नाहीत. वाहतूकवाला एक लागत असेल तर दीड मागतो. का, तर मी कापणार हे त्याला माहीत. आणि तो फुगवून मागणार हे मला माहीत, म्हणून मी जास्तच कापते. ते पुढच्या वर्षी त्याच्या लक्षात राहतं, म्हणून तो दोन मागतो. इतकी वर्षं हा खेळ चाललाय. मी टेबलाशी आले की लोकांचे चेहरे सासुरवाडीला आल्यासारखे गंभीर होतात. चहाला मला कुणी बोलावत नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी म्हणते.

त्या वर्षी साहेबांनी सांगितलं की दवाखान्याच्या गाड्यांचा खर्च फार झालाय, एका गाडीचा मार्ग बंद करावा लागेल. कुठला, ते आकडे बघून सांगा. साहेब माणूस वाईट नाही. ओरडत नाही, कुणाच्या पोटावर पाय द्यायची हौसही नाही त्याला. मी सगळे मार्ग एका शीटमध्ये मांडले. गाडीचा वर्षाचा खर्च आणि त्या मार्गावरची जनावरं, एकाला दुसऱ्यानं भागायचं, की एका जनावरामागं किती खर्च येतो ते कळतं. कऱ्हाटीकडचा मार्ग छान निघाला. पिंपळीचाही बरा. सगळ्यात खाली एक ओळ लालभडक झाली. ती निरवांगीकडची होती.

माझा पाय थांबला. खरंच थांबला, मला आठवतंय.

कारण तो आकडा खोटा होता. गाईंच्या कानात बिल्ला असतो, त्यामुळे गाई लपत नाहीत. मेंढरांना बिल्ला नसतो. सर्वेला गेलेला माणूस मोबाईल घेऊन दारोदार फिरतो, किती मेंढरं म्हणून विचारतो, आणि मालक सांगेल ते टाकतो. आणि आमच्याकडं मेंढरं असलेला माणूस मेंढरांचा आकडा कधीच सांगत नाही. मेंढरं किती हायती विचारलं, की 'हायती थोडी'. फार खोदून विचारलं, की 'हायती देवाच्या किरपेनं'. मोजलं की दृष्ट लागते, मोजून सांगितलं तर लागतेच लागते. मोबाईलमध्ये 'थोडी' टाकायला जागा नसते. मग सर्वेवाला म्हणतो, एक आकडा सांगा ना मामा, आणि मामा कसलातरी बारका आकडा त्याच्या अंगावर फेकून मोकळा होतो.

ऑफिसात सगळे जास्त सांगतात आणि माझ्या गावात सगळे कमी सांगतात, आणि दोघांच्या मधे माझी खुर्ची. ऑफिसातल्यांची हाव मला कापता येते, पण गावातल्यांनी लपवलेलं वाढवायचं कसं, हे कुठल्या शीटमध्ये बसत नव्हतं.

मीटिंगमध्ये मी म्हणाले, हा आकडा चुकीचा आहे. साहेबांनी विचारलं, कशावरून. मी म्हणाले, मला माहीत आहे. वाहतूकवाला गालातल्या गालात हसला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमचं माहेर तिकडचंच ना?"

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, तेच वाईट. खोच असती तर मी भांडले असते. इतकी वर्षं मी ज्याला त्याला तोंडावर विचारत आले, तुम्ही म्हणताय ते ठीक, पुरावा काय? आता तो प्रश्न माझ्याकडं परत आला होता आणि माझ्याकडं पुरावा नव्हता, नुसतं माहेर होतं. कान तापले माझे. मी म्हणाले, पुन्हा सर्वे करू. साहेब कबूल झाले. बुधवारी निरवांगीला गाडी जाते, तिच्याबरोबर सर्वेवाला जाईल. मालक स्वतः तोंडानं सांगेल तोच आकडा धरायचा. तुम्ही तिथं गेलात तरी हरकत नाही, पण मधे बोलायचं नाही.

गाडी बंद झाली तर काय होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडं पूर्वी घरटी मेंढरं होती. आता बहुतेकांनी ती विकून डाळिंब लावलं, शेडनेट घातलं, कुणी कारखान्यात लागलं, कुणी पिकअप घेतली. माझा भाऊ ढोबळी मिरची करतो, चांगली करतो. मेंढरं आबांची आणि अजून दोनचार घरांची उरलीत. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मेंढरांच्या पायांना लागलं, खूर सडायला लागले, मेंढरं गुडघ्यावर चरायला लागली, तेव्हा बुधवारच्या गाडीतल्या डॉक्टरांनीच ती उभी केली. ही गाडी नसेल तर मेंढरू टेंपोत घालून लांब न्यायचं, म्हणजे औषधापेक्षा भाडं जास्त. भावानं बोलूनच दाखवलं होतं, गाडी बंद झाली की आबांचं काही ऐकायचं नाही, सगळी एका दिवसात बाजारात. तो आबांच्या वाईटावर नाही. आबांचे गुडघे दुखतात, ते त्याला बघवत नाही. पण मेंढरं गेलेले आबा मला डोळ्यांपुढं आणता येत नव्हते. सकाळी उठून ते करणार काय? मिरचीला माती लावणार?

रविवारी मी स्कूटर काढली. नवरा म्हणाला, फोन कर की. मी म्हणाले, आबांशी फोनवर भांडता येत नाही, ते फोन आईकडं देतात. पिंपळी मागं पडली आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता धरला, एकेकाच्या मागं दोन दोन ट्रॉल्या, गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की हॉर्न मारून उपयोग नाही. एकाच्या मागं रखडले, दुसऱ्याच्या मागं रखडले. मला तो रस्ता एरवी आवडतो. त्या दिवशी मी सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, उसाला, कारखान्याला, गाणं म्हणणारीला.

आबा घरामागं कोकरांना सुबाभळीचा पाला टाकत होते. मला बघून म्हणाले, आज काय सुट्टी? मी चहा व्हायच्या आधीच विषय काढला. गाडी बंद व्हायला आलीय, का बंद होतेय, आकडा कमी का आहे, बुधवारी तुम्ही खरा आकडा सांगितला तर बाकीची घरं पण सांगतील, कारण सगळी तुमच्या तोंडाकडं बघतात. मी फार मुद्देसूद बोलले. कपाळावर आठी घालून ते ऐकत राहिले, आणि माझं झाल्यावर कोकराच्या तोंडातली काटकी काढत म्हणाले, ज्याची हायती त्येला ठावं हाय. मी म्हणाले, ज्याची म्हणजे कुणाची? म्हणाले, देवाची.

"देव बजेटच्या मीटिंगला येत नाही, आबा."

हे मी जरा जास्तच जोरात बोलले. आबा उठले आणि गेले मेंढरांकडं, ती तिकडं मोकळ्या रानात बसवली होती. आई चुलीपुढं होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला ताट दिलं. डोकं फिरलेलं असताना मला भूक लागत नाही. तव्याशेजारच्या भाकऱ्या मी उगीच बोटानं मोजत होते, किती केल्यास एवढ्या म्हणून, तर आईनं माझं बोट धरून खाली केलं. भाकरी मोजू नये, म्हणाली. मी म्हणाले, या घरात मोजायचं तरी काय असतं मग? तिला राग आला नाही. तिनं मला एक गोष्ट सांगितली.

मी अंगावर पीत होते तेव्हाची. आमची तेव्हा पुष्कळ मेंढरं होती, आणि एका सालात ती गेली, हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे. आईनं सांगितलं की त्या उन्हाळ्यात बाहेरगावचा एक व्यापारी आला होता. त्यानं सगळा कळप घेतो म्हणून सांगितलं, आणि हातातल्या काठीनं एकेका मेंढराच्या पाठीला शिवून मोठ्यानं मोजलं. आबा तरणे होते, भाव चांगला मिळेल म्हणून गप उभे राहिले. त्यांच्या आईनं, माझ्या आजीनं, ओरडून सांगितलं होतं की मोजू देऊ नको. मोजून झाल्यावर व्यापारी म्हणाला, उद्या पैसे घेऊन येतो, आणि आलाच नाही. पावसाळ्यात रोग आला. आबा मेलेली मेंढरं पुरायला खड्डे घेत होते आणि आजी दारात बसून एकच वाक्य म्हणत होती, मोजू दिलास ना. आजी पुढं किती वर्षं जगली, पण आबांशी तिचं धड बोलणं झालं नाही.

मी ताट तसंच ठेवून आबांकडं गेले. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, ते तिचे खुंट ठोकत होते. मी म्हणाले, आबा, तो रोग होता. आता त्याची लस आहे, ती त्या गाडीतच असते.

"व्हय, रोगच हुता. म्या कुठं न्हाय म्हनतो? पन मोजल्यावर आला."

मी माणसांना दिवसभर हेच सांगते की एका गोष्टीमागून दुसरी आली म्हणून पहिलीनं दुसरी आणली असं होत नाही. पावसाळ्यात पशुखाद्य कमी खपलं तर त्याला पाऊसच कारणीभूत असं नाही, दुसरंही काही असेल. तिथं वाघरीपाशी उभं राहून मला हे तोंडातून काढता आलं नाही. मेंढरं आत येत होती. मी मनात मोजायला सुरुवात केली, इतकी मोठी झाले, नोकरी करते, कोण अडवणार? काही मेंढरं मोजली. मग दिसलं की माझे ओठ हलताना बघून आबांनी तोंड फिरवलं होतं. ते मला अडवत नव्हते, नुसतं बघवत नव्हतं त्यांना. माझा आकडा सुटला, आणि तसाही माझ्या मोजण्याला कुणी विचारणार नव्हतं, मालकानं स्वतः सांगायला हवं होतं. मी जेवले नाही. येताना आईनं डब्यात भाकऱ्या बांधून दिल्या, त्या किती होत्या ते मी बघितलं नाही.

सोमवार, मंगळवार मी काय केलं ते धड आठवत नाही. नवऱ्यावर ओरडले एवढं आठवतंय, कारण त्यानं नंतर बोलून दाखवलं. ऑफिसात वाहतूकवाला दोन फायली घेऊन आला तर मी न बघता सही करायला निघाले, तोच घाबरला. मॅडम बघा तरी, म्हणाला.

बुधवारी रजा टाकून गेले. देवळापुढच्या पारावर सर्वेवाला मोबाईल घेऊन बसला होता, शेजारी गाडी लावलेली, डॉक्टर सुया उकळत्या पाण्यातून काढल्यासारख्या गंभीरपणे मांडत होते, खरं तर त्या पाकिटातल्याच होत्या. मी गाडीच्या पलीकडं उभी राहिले. बोलायचं नाही, असं वचन दिलेलं. माझा पाय असा हलत होता की डॉक्टर म्हणाले, मॅडम, गाडी हलतेय.

पहिले एक तात्या आले, आबांच्या वयाचे, आमच्या शेजारचे. किती मेंढरं, विचारल्यावर आभाळाकडं बघून म्हणाले, हायती थोडी. सर्वेवाला म्हणाला, आकडा सांगा. तात्यांनी असा एक आकडा सांगितला की तेवढी मेंढरं त्यांच्या दारात नुसती आजारी असतात. त्यानं टाकला. मी जीभ चावली. मग एक बाई आली, तिनं तात्यांपेक्षाही कमी सांगितली, माणसानं पुढच्यापेक्षा जास्त सांगू नये अशी रीतच असल्यासारखी. मी गाडीला टेकून डोळे मिटले. संपलं, म्हटलं. भावाला फोन करून सांगावं की टेंपो ठरव.

आबा शेवटी आले. मेंढरं बरोबर नव्हती, एकटेच आले, धुतलेला पटका बांधून, जसे लग्नाला जातात तसे. माझ्याकडं बघितलं नाही. सर्वेवाल्यानं नाव विचारलं, ते सांगितलं. किती मेंढरं, विचारलं. आबा पारावर बसले. उभं राहून सांगवत नसावं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि आकडा सांगितला.

पूर्ण आकडा. कोकरांसकट. मला स्वतःलाही तो माहीत नव्हता, पण ऐकल्या ऐकल्या कळलं की तो खरा आहे, कारण खोटा आकडा सांगताना माणसाचा आवाज असा येत नाही. तो आकडा मी इथं लिहीत नाही.

तात्या आबांकडं बघत राहिले, एखाद्यानं चारचौघांत अंगरखा काढावा आणि आपण बघावं की नाही हे कळू नये तसे. सर्वेवाल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं आकडा टाकला आणि पुढचं कोण म्हणून विचारलं. आबा म्हणाले, लिवला का? तो म्हणाला, हो. आबांनी विचारलं, नीट लिवला का? त्यानं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. आबांनी तो बघितला नाही. उठले आणि घराकडं निघाले. ते वळणापर्यंत गेले असतील, तेव्हा तात्या पुन्हा पुढं आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माजी बी नीट लिव बाबा. मगाशी चुकलं."

मग ती बाई आली. मग बाकीचे. मी गाडीमागं उभी राहून रडले, आणि डॉक्टर बिचारे औषधाच्या बाटल्या उगाच पुन्हा पुन्हा मोजत बसले.

निरवांगीची गाडी राहिली. ती सहज राहिली असं नाही. साहेबांनी नवा आकडा बघून भुवई वर केली, एकदम इतका वाढला कसा? आमच्याकडं वाढलेला आकडा दिसला की फुगवलाय हे पहिलं मनात येतं, मीच त्यांना ते शिकवलंय. मी म्हणाले, साहेब, हा वाढवलेला नाही, आधीचा लपवलेला होता. ते पटेनात. शेवटी डॉक्टरांनी गेल्या वर्षी तिकडं लसी किती लागल्या ते दाखवलं, हे मला आधी सुचलंच नव्हतं, तेव्हा पटले. लाल ओळ गेली. दुसऱ्या एका मार्गाच्या फेऱ्या कमी करून खर्च बसवला. मी घरी पेढे नेले, सासूबाई म्हणाल्या, कशाचे? मी म्हणाले, मेंढरांचे.

जिंकले होते ना मी? मग शांत झोप लागायला हवी होती. पण तिथून पुढं माझ्या जिवाला जो घोर लागला तो आजपर्यंत आहे. रोज संध्याकाळी मी आईला फोन करायला लागले. इकडचं तिकडचं बोलायचं, आणि ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखं विचारायचं, सगळी आली ना? आई म्हणायची, आली. तेवढ्यासाठी फोन असायचा. नवऱ्यानं एकदा मिश्कीलपणे विचारलं, तुझा तर या असल्या गोष्टींवर विश्वास नाही ना? मी म्हणाले, नाहीच आहे. म्हणाला, मग? मी उठून गॅलरीत गेले. विश्वास नसतो, पण भीती असते, आणि भीतीला विश्वास लागत नाही, हे त्याला कोण समजावणार? पाऊस सुरू झाला तशी मी अजून बिथरले. निरवांगीकडचं हवामान मी मोबाईलवर बारामतीच्या आधी बघायचे.

आबांनी मला कधी फोन केलेला नाही. त्यांना तो करता येतो, पण करायचा कशाला असं त्यांचं मत. त्यामुळे श्रावण सरल्यावर एका सकाळी, मी ऑफिसात पुढच्या तिमाहीचे आकडे बघत होते, आणि मोबाईलवर 'आबा' असं नाव उमटलं, तेव्हा मी तो हातात धरून नुसती बसले. शेजारचा म्हणाला, मॅडम, वाजतोय.

आबा म्हणाले, एक मेंढी गेली रातच्याला.

मी विचारलं, कशानं? म्हणाले, म्हातारी हुती, दोन रोज खात नव्हती, डॉक्टर बघून गेला हुता. बाकीची बरी हायती. मी विचारू नये ते विचारलं. फेब्रुवारीपासून जे विचारायचं टाळत होते तेच बाहेर पडलं.

"आबा, मी सांगायला लावलं म्हणून का?"

ते लगेच नाही म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते. पलीकडं मेंढरं ओरडत होती, ती ऐकू येत होती. त्यांनी खाकरलं, आणि माझ्या प्रश्नाला उत्तर दिलंच नाही. म्हणाले, "त्यासाठी न्हाय केला फोन. तुज्या कागदावर आमचा आकडा हाय न्हवं? त्यात एक कमी कर."

मला कळेचना. मी म्हणाले, आबा, एका मेंढीनं काही होत नाही, गाडी बंद होत नाही, आणि आकडा वर्षातून एकदाच बदलतात.

"मंग वर्सभर खोटं बोलायचं व्हय? एकदा तोंडानं सांगितलाय, आता त्यो खरा ऱ्हायला पायजे."

मग म्हणाले, जेवलीस का, आणि मी उत्तर द्यायच्या आत नेहमीसारखा फोन आईकडं दिला. आईशी मी काय बोलले ते आठवत नाही.

इतकी वर्षं मी या खुर्चीत बसतेय. या टेबलावर माणसं आली ती आकडा वाढवून घ्यायला आली. हातापाया पडून, चिडून, रडून, कुणी दिवाळीला मिठाई घेऊन. आपला आकडा कमी करा म्हणून मला कुणी कधी फोन केला नव्हता. तो पहिला फोन. आणि तो अशा माणसानं केला की ज्याला आकडा सांगण्याचीच जन्मभर भीती, आणि ज्याला अजूनही, त्या घटकेलाही, ठाऊक नव्हतं की मेंढी वयानं गेली का माझ्यामुळं.

मी निरवांगीची शीट उघडली. आबांच्या नावापुढच्या आकड्यातून एक कमी केली. सिस्टीमनं नेहमीप्रमाणं विचारलं, बदलाचं कारण काय? कारण लिहिल्याशिवाय ती पुढं जाऊ देत नाही. माझा पाय टेबलाखाली हलत होता. मी लिहिलं, मालकांनी स्वतः कळवलं, आणि सेव्ह केलं.